बाकीचे कुठे सांडले?

(दहावी १९९०च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, वाशी येथे केलेलं भाषण)



संयोजक मंडळींनी मला विषय दिला, "घरातला विनोद आणि उभारी". वेळ दिली वीस मिनिटं. वर अट घातली की गुडघेदुखी, रक्तातली साखर आणि मुलांची पॅकेजेस यांवर बोलायचं नाही. म्हणजे एक्कावन्नाव्या वर्षी माणूस ज्या तीन विषयांवर न थांबता बोलू शकतो, ते तिन्ही काढून घेतले. उरलं फक्त घर. तेव्हा मी माझ्या घराबद्दलच बोलणार आहे. तुमचं घर काही फार वेगळं नसेल, अशी खात्री आहे, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी मी जेवलेली आहे.

आपण सगळे नवी मुंबईची पहिली पिढी. सिडको स्थापन झाली ती १७ मार्च १९७०ला, खाडीवरचा पूल झाला १९७३मध्ये, आणि मानखुर्दहून वाशीला लोकल आली मे १९९२मध्ये. म्हणजे आपली दहावी होऊन दोन वर्षं झाल्यावर! तोवर मुंबईला जायचं म्हणजे बस, आणि बस म्हणजे नशीब. माझे बाबा गिरगावातल्या चाळीतली एक खोली सोडून १९७८ साली वाशीला आले. चाळीत पाठ वळवली की माणूस भेटायचा. इथे सेक्टर, टाईप, इमारत आणि खोली असे नुसते आकडे. गावाकडच्या आजोबांनी पहिलं पत्र पाठवलं तेव्हा खाली लिहिलं होतं, "पत्ता लिहिला आहे. उत्तर काय येते ते कळवावे."

नातेवाईक यायला नाखूश असत. माझी आत्या एकदाच आली. दोन बस बदलून, घामाघूम होऊन दारातच म्हणाली, "दादा, एवढं लांबच राहायचं होतं तर सरळ गावी का नाही गेलास?" बाबा म्हणाले, "गावी जाऊन राहणं सोपं आहे गं. इथे आधी गाव तयार करावं लागतंय."

पुढे ते गाव तयार झालंही. महापालिका आली, रेल्वे आली, घाऊक बाजार आले. बेलापूरहून मेट्रो धावू लागली आणि २०२५च्या ऑक्टोबरमध्ये विमानतळाचंही उद्घाटन झालं. पण आपल्या लहानपणी संध्याकाळी घरात जी चार माणसं असतील तीच एकमेकांची करमणूक. ज्याच्याकडे टीव्ही असेल त्याच्या घरी सगळ्या जिन्याची सभा भरायची. चिमणराव-गुंड्याभाऊ लागलं की दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे या दोघांना बघायला आम्ही शेजारच्या काकूंच्या फरशीवर मांडी घालून बसायचो. मी चार-पाच वर्षांची असेन. विनोद कळायचे नाहीत, पण मोठी माणसं हसतात म्हणजे आज कोणी रागावणार नाही, एवढं मात्र कळायचं. चि. वि. जोशी हे बडोद्याचे पालीचे प्राध्यापक, गाढे अभ्यासक. त्यांनी चिमणरावाला जगावर हसायला लावलं नाही. चिमणराव आपली फजिती आपणच सांगतो. हे मला फार पुढे कळलं, आणि कसं कळलं तेच आज सांगायचं आहे.

त्याआधी एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या घरांची. मराठी घरात तोंडावर कौतुक करत नाहीत. दृष्ट लागते, मूल शेफारतं, डोक्यावर बसतं अशी कारणं बरीच. त्यामुळे आपल्याकडे शाबासकी कधी आपल्या नावाने सरळ घरी येत नाही. ती शेजारी उतरते आणि तिथून आपल्याकडे येते.

आठवीत मला गणितात शंभरापैकी ब्याऐंशी गुण मिळाले. माझ्या दृष्टीने हा चमत्कार होता. इथे समोर बसलेल्या आमच्या गणिताच्या सरांच्या दृष्टीनेही असावा, कारण त्यांनी बेरीज दोनदा केली होती. मी प्रगतिपुस्तक बाबांपुढे धरलं. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, नीट पाहिलं आणि विचारलं, "बाकीचे अठरा कुठे सांडले? बसमध्ये?"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आईने पोळी लाटता लाटता सांगितलं, "अगं, ते खूश झालेत. खूश नसते तर सही करून परत दिलं असतं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काका म्हणाले, "काय गं, ब्याऐंशी! तुझ्या बाबांनी कंपनीत पेढे वाटले म्हणे!" पेढे सगळ्या खात्याने खाल्ले होते. घरी एकही आला नव्हता.

तुम्ही हसताय, म्हणजे तुमच्याही घरी पेढे असेच परस्पर वाटले गेले असणार.

आपल्या मराठीच्या बाईंचंही तेच. बाई इथे आहेत म्हणून धीर करून सांगते. माझ्या निबंधाच्या वहीत त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं, "अक्षर मुंग्यांसारखे आहे. मात्र मुंग्या रांगेत चालतात, हे त्यांच्याकडून शिकावे." मी ते पान जपून ठेवलं आहे. त्या एका ओळीत टोमणा होता, हसू होतं, आणि "तू सुधारू शकतेस" हा विश्वासही होता. तिन्ही वेगळं करून दाखवा म्हटलं तर दाखवता येणार नाही.

तर आमच्या घरी प्रेमाची आणि प्रोत्साहनाची भाषा ही अशी तिरकी होती. तिची खरी परीक्षा झाली २०१५च्या जुलैत.

बाबा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. सकाळी पेपर वाचताना हातातला कप सुटला. आई म्हणाली, "अहो, काय झालं?" तर तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा, आणि शब्द फुटेना. खालचे शेजारी धावले, तासाभरात त्यांना रुग्णालयात पोचवलं. पक्षाघात होता. इथे विनोद बाजूला ठेवून एक मिनिट घेते, कारण आपल्या सगळ्यांचे आईवडील आता त्या वयाचे आहेत आणि आपणही त्या रस्त्याला लागलो आहोत. चेहरा वाकडा झाला, हात उचलून धरता येईना, बोलणं जड झालं, यातलं एकही लक्षण अचानक दिसलं तर "जरा पडून राहा, बरं वाटेल" असं म्हणायचं नाही. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायचं असेल तर ते लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. १०८ला फोन करायचा, किंवा मिळेल त्या गाडीने निघायचं, आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते डॉक्टरांना सांगायचं. बाबा वेळेत पोचले म्हणून पुढची गोष्ट घडली.

हातापायात ताकद हळूहळू परत आली. बोलणं आलं नाही. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हणतात असं सांगितलं. बहुतेक माणसांच्या मेंदूत भाषेचं काम डावी बाजू बघते, आणि तिथेच घाव बसला होता. बुद्धी शाबूत, माणसं ओळखतात, बरंचसं समजतं, पण हवा तो शब्द सापडत नाही. घरभर सामान आहे आणि दिवे गेलेत, तशी अवस्था.

बाबांना एकच शब्द सापडला होता. तो होता "दीडशे".

चहा हवा का? "दीडशे." पंखा लावू का? "दीडशे." शेजारचे काका भेटायला आले, "कसं वाटतंय?" तर मान हलवून, "दीडशे." असं बऱ्याच रुग्णांचं होतं, एकच शब्द अडकून बसतो, हे नंतर कळलं. "दीडशे"च का, यावर घरात बरीच चर्चा झाली. आईचं मत असं, की त्यांचा पहिला पगार दीडशे रुपये होता. "सगळं गेलं तरी पहिला पगार माणूस विसरत नाही," ती म्हणाली.

मी तेव्हा नेरुळला राहत होते, वाशीपासून तीन स्टेशनं. रोज संध्याकाळी ऑफिसातून परस्पर आईकडे आणि रात्री घरी. सासूबाईंना मी भीत भीत विचारलं, काही महिने असं चाललं तर चालेल का? त्या म्हणाल्या, "तू जा बिनघोर. माझ्या मुलाला मी तीस वर्षं वाढलंय, अजून चार महिने वाढीन. फार तर त्याचं पोट वाढेल." आमच्याकडे परवानगीही अशी मिळते. लोकलमध्ये ते वाक्य आठवून मी हसले आणि मग सानपाड्यापर्यंत रडले.

माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. ती शाळेतून आजीकडेच यायची. घरातल्या मोठ्यांना आजोबांपुढे काय बोलावं सुचत नव्हतं, पण ती आठवडाभरात दीडशेची भाषा शिकली. रागाचं दीडशे वेगळं, भुकेचं वेगळं, "तो चॅनेल बदल"चं वेगळं. कोणी आलं की ती दुभाषी म्हणून बसायची. एका आजींनी बाबांना विचारलं, "वय काय हो तुमचं आता?" बाबा म्हणाले, "दीडशे." मुलगी लगेच म्हणाली, "आजोबा, तेवढं जगाच. पण आत्ता एकाहत्तर सांगा." बाबांचा चेहरा उजळला. ती त्यांच्यावर हसली नव्हती, त्यांच्याशी बोलली होती.

आणि त्याच आठवड्यात दुसराही एक विनोद झाला. बाबांचे चुलतभाऊ आले होते. वातावरण हलकं करावं म्हणून मोठ्याने हसत म्हणाले, "वहिनी, आता तुमची मजा आहे. उलट बोलायला कोणी नाही घरात!" कोणी हसलं नाही. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांना सगळं समजत होतं. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "भाऊजी, उलट बोलायला मी आहे की अजून. यांच्या वाटणीचंही मीच बोलते सध्या. तुम्हाला काही ऐकायचंय?"

काका चहा न घेता गेले असतील असं तुम्हाला वाटेल. नाही. चहा घेतला, दोनदा घेतला, आणि त्यानंतर दर रविवारी येऊन बाबांशेजारी बसून पेपर वाचून दाखवू लागले. तेही माणूस चांगलंच. फक्त त्यांचा पहिला विनोद चुकीच्या बाजूने उभा होता. जो पडलेला आहे त्याच्या अंगावरून उडी मारून गेलेला विनोद, आणि जो त्याच्याशेजारी येऊन बसतो तो विनोद, दोन्हींत शब्द कधी कधी तेच असतात. फरक ज्याच्याबद्दल बोललं जातं त्याच्या चेहऱ्यावर कळतो.

आता आईची गोष्ट. आई तेव्हा चौसष्ट वर्षांची. बँक, वीजबिल, गॅस, सगळं आयुष्यभर बाबांनी पाहिलेलं. ती एटीएमच्या काचेपलीकडे कधी गेली नव्हती. पहिल्यांदा मी बरोबर गेले. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "मी एकटीच जाते. यंत्राला मला बघू दे एकदा." अर्ध्या तासाने परत आली आणि बाबांच्या पलंगाशेजारी बसून तिने सगळी हकिगत सांगितली. "अहो, मी मराठीचं बटण दाबलं. यंत्र विचारतं, आणखी व्यवहार करायचा आहे का? मी म्हटलं, नको रे बाबा, एवढे पुरेत! मागे रांगेत सगळे हसायला लागले. एक मुलगा म्हणाला, आजी, त्याला ऐकू येत नाही, बटण दाबा. मी म्हटलं, आमच्याकडेही सध्या असंच चाललंय. बोलून उपयोग नाही, खुणाच कराव्या लागतात!"

बाबा हसले. तोंडाची एक बाजू नीट हलत नव्हती, तरी आवाज करून हसले. दुखण्यानंतर तीन आठवड्यांनी घरात त्यांचा पहिला आवाज झाला, तो शब्दाचा नव्हता, हसण्याचा होता.

तेव्हा मला चिमणराव कळला. आईने आपली फजिती आपणच बाहेर काढून बाबांच्या पुढ्यात ठेवली. त्या घरात जो सगळ्यात असहाय होता, त्याला तिने श्रोता केलं, हसणारा केलं. "तुम्हाला बोलता येत नाही, मला यंत्र चालवता येत नाही, दोघेही शिकू," असं ती कधी म्हणाली नसती. आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. पण तिने सांगितलं तेच होतं. त्यानंतर ती रोज बाहेरून एक फजिती घेऊन यायची. काही खऱ्या होत्या, काही तिने वाटेत रचलेल्या असाव्यात. आणि दर फजितीमागे ती एक काम शिकलेली असायची. वर्षाच्या शेवटी तिला पासबुक भरता येत होतं, मोबाइलवर गॅस नोंदवता येत होता. २०१८ साली ती पनवेलहून कोकण रेल्वेने एकटी रत्नागिरीला भावाकडे जाऊन आली. परत आल्यावर म्हणाली, "गाडीने एवढे बोगदे दाखवले, पण बाहेरचं कोकण जरा कमीच दाखवलं."

बाबांना शिकवायला वाचा-उपचाराच्या एक तरुण मॅडम येत. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला काही नियम दिले. ते तुमच्या उपयोगी पडोत न पडोत, सांगून ठेवते. एका वेळी एकानेच बोलायचं. मागचा टीव्ही बंद करायचा. ओरडायचं नाही, ते बहिरे नाहीत. हो-नाही असं उत्तर देता येईल असा प्रश्न विचारायचा. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल "यांना", "ह्यांचं" असं तिसऱ्या माणसाशी बोलायचं नाही. आणि सगळ्यात कठीण नियम, ते शब्द शोधत असतील तेव्हा थांबायचं. त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही.

मराठी माणसाला दुसऱ्याचं वाक्य पुरं करू नको म्हणणं म्हणजे काय शिक्षा आहे, विचार करा! आमच्या घरात चार माणसं एकाच वेळी बोलायची आणि चौघांनाही चौघांचं ऐकू यायचं. आता वीस-वीस सेकंद शांतता. भिंतीवरचं घड्याळ एवढा आवाज करतं, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण थांबायला शिकलो. मला माझ्या वाढीचं एक काय ते सांगा म्हटलं तर मी कुठली पदवी किंवा बढती सांगणार नाही. वीस सेकंद गप्प राहायला शिकले, एवढंच सांगेन.

मॅडमनी आणखी एक गंमत दाखवली. वाचाघातात आपण जुळवून बोलतो ते बोलणं अडतं, पण लहानपणी पाठ केलेलं बऱ्याचदा शाबूत राहतं. अंक, वार, प्रार्थना, गाणी आणि, क्षमा करा गुरुजन, शिव्याही. त्यांनी विचारलं, "यांना दीडशे येतं, तर काही पाढे पाठ होते का?" आई म्हणाली, "पाढे? कोकणातल्या शाळेत मार खाऊन पावकी, निमकी, दीडकी सगळं पाठ केलंय त्यांनी." मॅडमनी सुरुवात करून दिली, "दीड, तीन..." आणि बाबा पुढे धाडधाड म्हणत गेले, साडेचार, सहा, साडेसात, नऊ! ज्या माणसाला "पाणी" म्हणता येत नव्हतं, तो दीडकी म्हणत होता. आई दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मास्तरांच्या छडीचे उपकार हो." समोर बसलेल्या सरांनी हे वाक्य फार मनावर घेऊ नये, आता कायदा बदललाय.

मग रोज संध्याकाळी आजोबा आणि नात समोरासमोर बसून पाढे म्हणू लागले. मुलीला गणिताचं वावडं, विशेषतः सतराच्या पाढ्याचं. ती चुकली की बाबा डाव्या हाताने पलंगावर टिचकी मारायचे. बाबांना पुढचा अंक सुचला नाही की ती थांबायची. पुरा करायची नाही. मोठ्यांना महिना लागला तो नियम तिने पहिल्या दिवसापासून पाळला. कोण कोणाला शिकवत होतं, ते विचारू नका. पाढ्यांमागून वार आले, वारांमागून नावं, नावांमागून "चहा" आणि मग "साखर कमी" असे दोन दोन शब्द. दीडशे मात्र गेलं नाही. शब्द अडला की बाबा त्यावरच परत यायचे, घरी आल्यासारखे.

नऊ महिने झाले असतील. मुलीचा गणिताचा पेपर तपासून घरी आला. शंभरापैकी एकसष्ट. तिने तो आजोबांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा नाकावर सरकवला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले,

"बाकीचे..."

आणि थांबले. आम्ही सगळे जागच्या जागी उभे. आईचं तोंड उघडलं, मी तिचा हात दाबला. घड्याळ चाललं होतं. पंधरा सेकंद, वीस सेकंद.

"...कुठे... सांड...ले?"

नऊ महिन्यांतलं पहिलं पूर्ण वाक्य. आई हसायला लागली आणि हसता हसता खुर्चीत बसून रडायला लागली. माझी तीच गत. मुलीला मागचं काही माहीत नव्हतं. ती आजच्या काळातली, ती कशाला स्वयंपाकघरात जाऊन रडेल! ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, एकसष्ट आणलेत ते आधी बघा ना! मागच्या वेळी सत्तेचाळीस होते."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. परत पेपराकडे बघितलं. ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले.

"छा...न."

मित्रांनो, हा शब्द मी त्या घरात वाढताना त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल कधी ऐकला नव्हता. पेढ्यांतून ऐकला होता, खालच्या काकांकडून ऐकला होता. मी म्हटलं, "बाबा, माझे आठवीचे ब्याऐंशी अजून बाकी आहेत हं!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, डावा हात वर केला आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "दीडशे!"

तेव्हा शंभरापैकी दीडशे गुण मिळालेली आपल्या तुकडीतली मी एकटीच आहे. पहिल्या नंबरवाल्यांनी नोंद घ्यावी.

बाबा २०१९मध्ये गेले. आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. ती सकाळी सागर विहारला हास्यक्लबात जाते. हास्यक्लबांची सुरुवात आपल्या मुंबईतलीच. १३ मार्च १९९५ला डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीतल्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत पाच माणसांना घेऊन पहिला क्लब सुरू केला. सुरुवातीला ते सगळे जमून एकमेकांना विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, आणि उरलेले कोणाला ना कोणाला झोंबू लागले. तक्रारी आल्या. तेव्हा कटारियांनी विनोद सांगणंच बंद केलं, आणि विनोदाशिवाय नुसतं हसण्याचे व्यायाम बसवले. तीच पद्धत पुढे कितीतरी देशांत गेली. मला ही हकिगत फार आवडते. पाच माणसांच्या बागेत आणि चार माणसांच्या घरात अडचण एकच असते. हसायला कोणीतरी लागतो, आणि तो नेहमी तोच असेल तर एक दिवस तो यायचा बंद होतो.

आईला विचारलं, विनोद नाही तर हसता कशाला? म्हणाली, "एकमेकांचे हसणारे चेहरे बघून हसू येतं. आणि नाहीच आलं तर मी यंत्राची गोष्ट सांगते."

आता थोडं आपल्याबद्दल. आपली तुकडी अशा वयात आहे, की वर आईवडील थकलेत आणि खाली मुलं कमावती झालीत किंवा व्हायची आहेत. दोन्हीकडे आपणच बोलणारे आहोत. आपल्या घरातली तिरकी भाषा टाकून द्या असं मी म्हणणार नाही. ती टाकली तर आपल्याला आपलेच आईबाप ओळखू येणार नाहीत. "सांडले कुठे" हे विचारत राहा. पण माझ्या मुलीने आजोबांना शिकवलं तेही लक्षात ठेवा. आणलेले आधी बघा, आणि तो एक शब्द सरळही म्हणा. शब्द कायम तोंडात राहतील याची हमी कोणी दिलेली नाही. पेढे घरी आणा. एखादा खालच्या मजल्यावर गेला तर जाऊ दे.

एक सूचना लगेच अंमलात आणण्यासारखी. थोड्याच वेळात जेवणाची रांग लागेल. पस्तीस वर्षांनी भेटतोय, तेव्हा कोणाचे केस गेले असतील, कोणाचं पोट आलं असेल, कोणाची नोकरी गेली असेल, कोणाचं माणूस. "ओळखूच आला नाहीस" हे म्हणण्याआधी वीस सेकंद थांबा. टक्कलवाला स्वतःच टकलाचा विषय काढेल. काढला की मग खुशाल हसा, त्याच्याहून मोठ्याने हसा.

आणि सर, बाई, तुम्ही आम्हाला मोजके गुण दिलेत आणि भरपूर शेरे दिलेत. त्या शेऱ्यांतली शाबासकी वाचायला आम्हाला थोडा उशीर लागला. आज तुम्ही समोर आहात म्हणून तिरकं न बोलता सांगते, तुम्ही छान शिकवलंत.

वीस मिनिटांपैकी काही सांडली असतील तर ती संयोजकांनी शोधावीत.